एका खिळ्यावरचा पत्रा

१४ जानेवारी १९००, रविवार

...मग भिजवलेले हरभरे उपसून फडक्यावर पसरले, लीद काढली, घोडीच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकले आणि भाकरी थापायला बसले. हे टांग्याच्या मागे वाकून म्हणाले, नंबरचा पत्रा एका खिळ्यावर लोंबतोय, आणखी तीन ठोकायला हवेत. मी म्हणाले, हात पिठाचे आहेत, उद्या ठोकीन. ह्यांनी तीन खिळे कोनाड्यात ठेवले आणि रेल्वेने कल्याणला गेले. तिकडे घोडीचा हरभरा मणाला दोन आणे स्वस्त होता.

एवढीच ती सकाळ. येत्या मार्चात तीन वर्षे होतील. मी ती रोज आठवते. तिच्यात विशेष काही अजून सापडलेले नाही.

कल्याणच्या स्टेशनवर प्लेगसाठी उतारू तपासत होते. ह्यांच्या अंगात ताप निघाला. आजाऱ्यांसाठी बांधलेल्या छपरात नेऊन ठेवले. सहाव्या दिवशी निरोप आला. बघायला काही मिळाले नाही, सगळे तिकडेच उरकले. दिवस-कार्य मी रीतसर केले. बांगड्या उतरवल्या. माझ्या मनात काही गोंधळ नाही.

ही वही एक उतारू टांग्यात विसरला. पानापानावर इंग्रजी तारीख छापलेली. पंधरा दिवस वाट पाहिली, कोणी मागायला आले नाही. आता माझी. वाचायला मी आपली आपणच शिकले. आधी टांग्याच्या पत्र्यावरचा नंबर, मग पावत्या, मग उतारूंनी टाकलेली वर्तमानपत्रे. हे म्हणायचे, लोकांच्या बायका पोथी वाचतात, माझी बायको गाडी वाचते.

संकल्प: ह्या वहीत रडगाणे नाही. फक्त टांग्याचा व्यवहार. ह्यांचे नाव मी तोंडाने कधी घेतले नाही. वहीतही 'हे' पुरे.

२२ जानेवारी, सोमवार

गाडीपट्टी वाढली. पत्र्याला पूर्वी द्यायचो त्याच्या दीडपट. म्युनिसिपल कमिटीच्या कचेरीवर नोटीस लागली आहे. ज्याच्याकडे नवा पत्रा नसेल ती गाडी एक एप्रिलपासून कोंडवाड्यात.

टांगा आता माझा धाकटा दीर गोपीनाथ हाकतो. भाड्यावर त्याचे घर आणि माझे पोट दोन्ही चालते. तो सांगत आला, वयनी, नवीन कारकून बसलाय. मालकान सोता येऊन पत्रा न्यायचा, असा बोलला.

जुना कारकून भला होता. तीन वर्षे गोपीनाथ सांगे, मालक बाहेरगावी आहेत, आणि तो पत्रा देई. टांगा अजून ह्यांच्याच नावावर आहे. नाव बदलायला फी पडते, आठ आणे असे ऐकले आहे. आठ आणे उगाच का घालवायचे? दुसरे कारण नाही.

गोपीनाथ दरवर्षी म्हणतो, नवा पत्रा चारी कोपऱ्यांना ठोकू, वाजतो. मी सांगते एकच खिळा मार. खिळे महाग झालेत. कोनाड्यातले तीन आहेत, पण ते अडीअडचणीला.

२९ जानेवारी, सोमवार

रुपयाला पूर्वी गवताच्या शंभर पेंढ्या यायच्या. आज पस्तीस. गुजराथेत दुष्काळ पडला आहे, तिकडे गुरे मरतात म्हणून आपल्याकडचे गवत दाबून रेल्वेच्या वाघिणी भरभरून जाते. जाऊ दे. मुक्या जनावराच्या तोंडचे काढू नये. पण हरणीही मुकीच आहे.

हरणी म्हणजे आमची घोडी. हे नाव ह्यांनी ती लहान असताना ठेवले. आता ती हरणासारखी फक्त दचकते.

माजिवड्याचा टोलही वाढला. घोडी उभी राहिली तर पट्टी, चालली तर टोल, खाल्ले तर गवत. ती मेली तर काय पडते ते विचारायला हवे.

५ फेब्रुवारी, सोमवार

तोड सापडली. हरणीची चंदी, म्हणजे तिचा हरभरा, रोज एक मूठ कमी करायची. इतके हळू की तिला कळणारही नाही. मार्चअखेर निम्म्यावर येईल, पट्टीचे पैसे आपोआप निघतील. लोक उगाच ओरडतात. डोके चालवायला हवे.

११ फेब्रुवारी, रविवार

तिला कळले.

टेंभी नाक्याच्या चढावर मधोमध खाली बसली. टांग्यात एक भटजी आणि त्यांचा नारळांनी भरलेला हारा. नारळ उतारावरून खाली, भटजी त्यांच्यामागे. गोपीनाथ म्हणतो, वयनी, सगला नाका हसला. भाडे मिळाले नाही. दोन नारळ आमच्याकडून भरून दिले.

संध्याकाळी दावे तोडून शेजारच्या अ‍ॅग्नेसच्या वाडीत शिरली आणि मुळ्याचा वाफा साफ केला. अ‍ॅग्नेस कुंपणावरून ओरडली, तुलसा गो, तुझ्या सरकारान तुझ्यावर टॅक्स लावला, तुझी घोरी माझ्यावर लावते काय? मी म्हणाले, पाला टाकूनच देणार होतीस ना. ती म्हणाली, पाला नाय गो, मुला खाल्ला, पाला ठेवलान.

चंदी पुन्हा पूर्ववत. वरून मूठभर जास्त, समजूत म्हणून.

१९ फेब्रुवारी, सोमवार

एकट्याने होणार नाही. सगळ्या टांगेवाल्यांचा संप हवा. एक मार्चला ठाणे स्टेशनवर एकही टांगा जाणार नाही. साहेबलोक ऊन खात कचेरीत चालत गेले की पट्टी खाली येईल. अ‍ॅग्नेसचा भाऊ टोनी टांगेवाल्यांत पुढारी, आवाज मोठा. तो दारात येऊन म्हणाला, वैनी, मरू पण पट्टी भरणार नाय. सगळ्यांनी शपथ घेतली म्हणे, हिंदूंनी घोड्याच्या मानेवर हात ठेवून, टोनीने क्रुसावर.

हे असते तर सगळ्यात पुढे उभे राहिले असते. अन्याय ह्यांना कधी सहन झाला नाही.

अ‍ॅग्नेसला हे बोलून दाखवले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. थांबली. म्हणाली, कोन, राघो? तो कुनाशी भांडला कदी? घोरीला हैक म्हनताना पन मागं वलून बगायचा, कुनाला राग आला काय म्हनून. पट्टी तर तो पहिल्या दिवशी भरायचा, वर कारकुनाला राम राम.

अ‍ॅग्नेसची स्मरणशक्ती हल्ली कमी झाली आहे.

१ मार्च, गुरुवार, सकाळ

संप सुरू. टांगा दारात, हरणी सोडलेली. स्टेशनच्या बाजूने कसलाही आवाज नाही. फार समाधान वाटते.

संध्याकाळ

आवाज नव्हता, कारण वारा उलटा होता. गोपीनाथ पायी जाऊन बघून आला. सगळे टांगे स्टेशनवर होते. आमचा एक नसल्यामुळे बाकीच्यांना भाडी जास्त मिळाली. टोनीने दुप्पट फेऱ्या केल्या. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, मी संपावर नजर ठेवायला गेलेलो. मग नजर ठेवता ठेवता उतारू बसले.

संप यशस्वी झाला. निदान आमच्या खोपट वस्तीत.

३ मार्च, शनिवार

अर्ज केला. हे आधीच करायला हवे होते. दोन दिवस लिहीत होते. बाईच्या नावाचा अर्ज कोण वाचणार? शिवाय गाडी ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावाचा हवा. हा सरळ व्यवहार आहे. लिहिणे म्हणजे तोंडाने नाव घेणे नव्हे.

थोडे उतरून ठेवते: 'साहेबांचे सेवेशी. मी राघो जोमा, राहणार खोपट, वीस वर्षे ठाण्याच्या स्टेशनवर टांगा हाकतो. माझी घोडी गवत खाते, टॅक्स खात नाही. गवत गुजराथेत गेले आणि टॅक्स आमच्याकडे राहिला. दुष्काळी मुलखास चारा जरूर जावा, परंतु ज्याची वैरण गेली त्याची पट्टी तरी वाढू नये. आमचे चाक फिरते म्हणून आपण पट्टी घेता. ते फिरायचे थांबल्यावर कोणाकडून घ्याल? मी म्हातारा होत चाललो, बोलायला येत नाही, म्हणून लिहितो.'

शेवटचे वाक्य आपोआप आले. वाचून पाहिले. हुबेहूब ह्यांच्यासारखे वाटले. खाली सही केली. र जरा वाकडा आला, पण टाक जुना आहे.

९ मार्च, शुक्रवार, दुपारी चार

टेंभी नाक्याकडून पत्रा वाजत आला. टण्. मग जरा थांबून, टण् टण्. खड्डा आला की असाच वाजतो. पूर्वी मी त्याच आवाजावर तवा ठेवायची. भाकरी होईपर्यंत हे दारात.

तवा ठेवला. भाकरी ताटात काढून बाहेर आले. रस्ता मोकळा. टांगा अंगणातच होता, गोपीनाथ चाकाला तेल देत होता. विचारले, पत्रा हलवलास का? नाय, वयनी.

वारा असेल. पण झाडाचे पान हलत नव्हते. मग उंदीर असेल. तो पत्र्यावर कसा चढला ते उद्या पाहीन.

भाकरी गोपीनाथला दिली. त्याने ती चाकाशी बसूनच खाल्ली.

१७ मार्च, शनिवार

कचेरीतून उत्तर. शिपाई रस्त्यात विचारत होता, राघो जोमाचे घर कोणते? तीन वर्षांत कोणी विचारले नव्हते. मी दारातूनच म्हणाले, हेच.

अर्ज साहेबांच्या नजरेस आला. मुद्देसूद आहे. तरी राघो जोमा याने ३० मार्चला, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, स्वतः हजर राहून म्हणणे सांगावे. नवा पत्राही त्याच वेळी न्यावा. हजर न राहिल्यास अर्ज रद्द आणि पत्रा मिळणार नाही.

चार वेळा वाचले. हजर राहून. जिंकल्यातच जमा आहे.

टोनीला बातमी लागली. नाक्यावर सांगत सुटला, राघोचा अर्ज मंजूर होतोय. नवीन आलेले दोन टांगेवाले ह्यांना बघायला घरी आले. मी सांगितले, बाहेर गेलेत. तोंडातून आले. खोटे नाही. बाहेरच गेले होते.

२० मार्च, मंगळवार

हजर कोण राहणार, हा एक किरकोळ प्रश्न आहे. नवा कारकून ह्यांना ओळखत नाही, साहेबही ओळखत नाही. गोपीनाथ भाऊच आहे, तोंडवळा तोच. ह्यांचा कोट घालायचा, ह्यांचे पागोटे बांधायचे, पुकारा झाला की हाजर म्हणायचे. बोलायचे काय ते मी लिहून देईन. पाच मिनिटांचे काम.

गोपीनाथने चाकाची धूळ पुसली. मग म्हणाला, वयनी, मना जमनार नाय. पकरला तर? मी म्हणाले, तुझ्या भावाच्या नावासाठी एवढे करत नाहीस? तो म्हणाला, दादाचा नाव घेऊन मी दादा कसा होनार? मी म्हणाले, एक तारखेला हरणी कोंडवाड्यात गेली म्हणजे तू कोण होणार ते बघू.

तयार झाला.

अ‍ॅग्नेसला सांगितले नाही. तरी कळले. कुंपणाशी येऊन फक्त एवढे म्हणाली, तुलसा, जा आनि नाव बदलून ये. मी येते सोबतीला. मी म्हणाले, आठ आणे तू देतेस काय? ती म्हणाली, देते. मग मला दळण आठवले, मी आत आले.

२६ मार्च, सोमवार

पेटीतून कोट काढला. तीन वर्षांत प्रथमच. कसर लागली असेल असे वाटले होते, लागली नव्हती. खिशात हरभऱ्याचे चार दाणे आणि रेल्वेचे एक जुने तिकीट. त्या दिवशी हे कोट घालून गेले नव्हते. उकडते म्हणाले होते. आता वाटते, कोट घातला असता तर अंग तापले ते कोटाने असे तरी सांगता आले असते.

धुतला नाही. धुतल्यावर आटेल. दुसरे कारण नाही.

गोपीनाथकडून भाषण पाठ करून घेतले. त्याला चौथे वाक्य लक्षात राहत नाही. मी शिकवते तेव्हा ते वाक्य ह्यांच्या आवाजात ऐकू येते, त्याच्या तोंडून येताना पडते.

दुपारी पत्रा पुन्हा वाजला. आज बाहेर जाऊन पाहिले नाही. तवा मात्र ठेवला.

३० मार्च, शुक्रवार, सकाळी आठ

सगळी तयारी झाली. हरणीला खरारा केला. गोपीनाथ आत कपडे करतो आहे.

आता बाहेर आला. पाठमोरा उभा आहे, टांग्याच्या मागे वाकून पत्रा बघतो आहे. कोट खांद्यात बरोबर बसला.

हात पिठाचे आहेत. पुढचे आल्यावर लिहीन. आज निकाल आपल्या बाजूने लागणार, ह्यात शंका नाही.

२ एप्रिल, सोमवार

शुक्रवारचे आज लिहिते.

कचेरीत बाकावर बसलो. टोनी आणि आणखी पाचसहा टांगेवाले मागे उभे. त्यांनी पट्टी भरून पत्रे आधीच नेले होते, बघायला आले होते. अ‍ॅग्नेस दाराशी. मी तिला बोलावले नव्हते.

शिपायाने पुकारा केला. राघो जोमा, हाजिर है? एवढ्या मोठ्याने ते नाव मी कधी ऐकले नव्हते. ह्यांना सगळे हळूच हाक मारायचे, कारण हे दचकायचे.

गोपीनाथ उठला आणि पागोटे सारखे करू लागला. दुसरा पुकारा. त्याने माझ्याकडे पाहिले. तिसरा पुकारा झाला आणि त्याने तोंड उघडले. हा, एवढे अक्षर बाहेर पडले. पुढचे पडायच्या आत मी उठले होते.

म्हणाले, हा तो नाही.

कारकुनाने चष्मा वर केला. मग हा कोण? मी म्हणाले, दीर. मग कोट, पागोटे कशाला? मी म्हणाले, थंडी वाजते त्याला. मार्चअखेरची अकराची वेळ. गोपीनाथच्या हनुवटीवरून घाम गळत होता. मागे टोनी हसला.

कारकून म्हणाला, अर्जदार कुठे आहे? मी म्हणाले, माझे मालक. कुठे आहेत ते विचारतो, कोण आहेत ते नाही. मी म्हणाले, नाहीत. म्हणजे? वारले. त्याने टाक उचलला. कोण वारले, नाव सांग बाई, तोंडाने सांगायला हवे, रजिस्टरात घ्यायचे आहे.

मी गोपीनाथकडे पाहिले. असे नाव घ्यायची वेळ आली की घरातले दुसरे कोणीतरी घेते, आम्हा बायकांची तशीच रीत. गोपीनाथ पायाचा अंगठा बघत होता. अ‍ॅग्नेसने तोंड उघडले होते. मी तिला हाताने थांबवले.

म्हणाले, राघो जोमा. सन सत्त्याण्णव, मार्च महिना, कल्याण. मेले.

लग्नाला बावीस वर्षे झाली. पहिल्यांदा घेतले. वाटले होते, काहीतरी होईल. काही झाले नाही. कारकुनाने टाक बुडवला आणि त्या नावावर एक रेघ ओढली. रेघ सरळ आली नाही, शेवटी जराशी वर गेली. खाली लिहिले, तुळसाबाई, भ्रतार मयत. अंगठ्यासाठी शाई पुढे केली. मी टाक मागितला आणि सही केली.

साहेब आतून बाहेर आला. अर्ज हातात. कारकुनामार्फत विचारले, हा मयताचा अर्ज लिहिला कोणी? मी म्हणाले, मी. तो काहीतरी इंग्रजीत बोलला. कारकून म्हणाला, साहेब म्हणतात, अर्ज चांगला आहे. पट्टी आहे तीच राहील.

एक पैसुद्धा कमी झाली नाही. खोट्या नावाने अर्ज केल्याबद्दल ताकीद मिळाली. नाव बदलायची फी आठ आणे नव्हती. चार आणे होती. ती मीच भरली, पट्टीही.

परत येताना मी टांग्यात मागे बसले. नवा पत्रा मांडीवर. गोपीनाथने कोट काढून माझ्याजवळ दिला होता. टेंभी नाक्याचा खड्डा आला. जुना पत्रा वाजला. टण्. मग जरा थांबून, टण् टण्. गोपीनाथने मागे वळून पाहिले नाही. मी कोटाची घडी केली. घरी येईपर्यंत ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गोपीनाथने गुढी उभारली. मी भाकरी अर्धी ठेवून उठले, हाताचे पीठ धुतले, कोनाड्यातले तीन खिळे काढले आणि नवा पत्रा ठोकला.